होमी भाभा
होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, माँ ब्लां, आल्प्स पर्वत) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होते. भारतातील विश्वकिरण संशोधनाच्या पायाभरणीतही त्यांचा मोठा वाटा आहे.

शिक्षण व संशोधन

भाभांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकल्यानंतर १९२७ मध्ये ते अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. पुढे मात्र ते भौतिकशास्त्राकडे वळले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणास आज त्यांचेच नाव आहे. १९३७ मध्ये त्यांनी वाल्टर हाइटलर यांच्यासह कणवर्षावाचा सिद्धांत मांडला. अतिशय ऊर्जावान इलेक्ट्रॉनापासून गॅमा किरण निघतात, त्या किरणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्या निर्माण होतात आणि ही साखळी वातावरणात वाढत जाते, असे त्यात दाखवले आहे.

भारतातील कार्य

१९३९ मध्ये सुटीसाठी ते भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि केंब्रिजला परतणे राहून गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परदेशी जाण्याऐवजी उत्तम संशोधनाची सोय मायदेशीच असावी, या विचाराने त्यांनी टाटा विश्वस्तांपुढे योजना मांडली. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे फुग्यांच्या साहाय्याने उपकरणे अतिउंच वातावरणात पाठवून विश्वकिरण मोजले जाऊ लागले. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधन समिती नेमण्यात आली.

मृत्यू व वारसा

जिनिव्हाजवळ झालेल्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, २ जुलै १९६७ रोजी, अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी पहिला गॅमा किरण स्फोट टिपला. वातावरण हे किरण शोषून घेत असल्यामुळे त्यांच्या थेट निरीक्षणासाठी शोधक उपकरण अवकाशात न्यावे लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर कॅडमियम झिंक टेल्युराइडचे असे उपकरण आहे. त्याच्या उभारणीत भाभांनी स्थापिलेल्या संस्थेचा प्रमुख सहभाग होता, तसेच पुण्याच्या आयुकाचाही. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, कार्यारंभाच्या पहिल्याच दिवशी, त्याने एक गॅमा किरण स्फोट नोंदवला.