भारी पत्ते कधी लपवायचे? जॉन फॉन नॉयमन यांचं उत्तर

इंजिनिअरिंगला असाल तर जॉन फॉन नॉयमन हे नाव तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलं असेल. प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवायचा, ही फॉन नॉयमन आर्किटेक्चर. तुमच्या हातातला फोनही ढोबळमानाने त्याच कल्पनेवर चालतो. मला मात्र हा माणूस जास्त भावतो तो पोकरमुळे.

जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. वडील बँकर. १९२६ मध्ये झुरिकहून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टहून गणिताची डॉक्टरेट, दोन्ही एकाच वर्षी. (आपली एकीतच दमछाक होते, ते सोडा.) १९२८ मध्ये त्यांनी खेळांच्या गणितावर एक निबंध छापला. बुद्धिबळात सगळं पटावर दिसतं. पोकरमध्ये समोरच्याचे पत्ते दिसत नाहीत, वर तो मुद्दाम फसवतो. या फसवण्याचं गणित करता येईल का, हा त्यांचा प्रश्न. १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत त्यांनी गेम थिअरीचं जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात पोकरवर एक अख्खा विभाग आहे.

त्यांचं मॉडेल सोपं करून सांगतो. दोन खेळाडू, प्रत्येकाला ० ते १ मधला एक गुप्त आकडा, मोठा आकडा जिंकतो. पहिला खेळाडू पॉटमध्ये आहे तितकीच रक्कम लावू शकतो किंवा चेक करून थेट आकडे उघडू शकतो. दुसऱ्याने कॉल करायचं किंवा फोल्ड. गणित सुटतं तेव्हा उत्तर गमतीशीर येतं. आकड्यांचे ९ समान भाग केले तर वरच्या २ भागांत बेट लावायची, मधल्या ६ भागांत चेक करायचं आणि सगळ्यात खालच्या १ भागात पुन्हा बेट लावायची! म्हणजे ब्लफ करायचा तो मधल्या पत्त्यांवर नाही, अगदी भिकार पत्त्यांवर. तुम्ही फक्त भारी पत्त्यांवरच पैसे लावलेत तर समोरचा दरवेळी फोल्ड करेल आणि भारी पत्ते वाया जातील.

पण इथे भारी पत्ते लपवायला जागाच नाही. चेक केलं की खेळ संपला. लपवण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा तुमच्या चेकनंतर समोरच्याला पैसे लावायची संधी असते. हे स्वच्छ दिसतं ते प्रिन्स्टनच्याच हॅरॉल्ड कून यांच्या १९५० च्या छोट्या खेळात. पत्ते तीनच: गुलाम, राणी, राजा. इथे पहिल्या खेळाडूने गुलामावर जितक्या वेळा ब्लफ करायचा, त्याच्या तिप्पट वेळा राजावर बेट लावायची. उदाहरणार्थ, गुलामावर दर १० पैकी २ वेळा, तर राजावर ६ वेळा. उरलेल्या ४ वेळा हातात राजा असून गप्प बसायचं, आणि समोरच्याने पैसे लावले की कॉल करायचं.

हे कधी करायचं ते चेहऱ्यावर किंवा मूडवर सोडायचं नाही. कोडमध्ये रँडम नंबर वापरतो तसंच. नेहमी लपवलंत तर तुमचा चेक म्हणजे धोका हे समोरच्याला कळतं. कधीच लपवलं नाहीत तर प्रत्येक चेकवर तो तुम्हाला दाबतो.

खऱ्या टेबलावर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. समोरचा आक्रमक आहे का? असेल तर गप्प बसा, तोच पैसे टाकेल. तो प्रत्येक बेटला कॉल करणारा असेल तर लपवून काय मिळणार, सरळ लावा. दुसरं, अजून पत्ते यायचेत का? तुमच्याकडे तीन एक्के आहेत, पण टेबलावर बदामचे दोन पत्ते पडलेत. आता चेक करणं म्हणजे समोरच्याला फ्लशचा पत्ता फुकट दाखवणं.

स्वतः नॉयमन टेबलवर साधेच खेळाडू होते म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात ते लॉस अलामोसमध्ये अणुबॉम्बवर काम करत होते, सगळं गुप्त. त्याच काळात, जून १९४५ मध्ये, त्यांच्या एकट्याच्या नावावर एडव्हॅक कॉम्प्युटरचा अहवाल फिरू लागला. पत्ते उघडे पडले, पण त्यातले बरेच एकर्ट आणि मॉचली यांचे होते. त्यांच्या पेटंटच्या आड हाच अहवाल आला. मला हा अन्याय वाटतो. पण हेही खरं की नंतर प्रिन्स्टनच्या मशीनचं डिझाइनही खुलं राहिलं, म्हणून जगभर त्याची भावंडं तयार झाली. मुंबईत टीआयएफआरने बांधलेला आणि १९६० मध्ये सुरू झालेला टीआयएफआरएसी त्याच घराण्यातला.

१९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले, त्याच वर्षी कॅन्सर निघाला. वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये त्यांच्याभोवती लष्कराची माणसं असत. औषधांच्या गुंगीत गुपित बाहेर पडू नये ही भीती. ८ फेब्रुवारी १९५७ ला ते गेले, वय ५३.

६० वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, पिट्सबर्गच्या कसिनोत लिब्रेटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं. कधी ब्लफ करायचा, कधी भारी पत्ते दाबून बसायचं, हे त्याला माणसाने शिकवलं नव्हतं. स्वतःशीच खेळून त्याने ती टक्केवारी काढली होती.