लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रनिर्माते आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. माणसाच्या हाताने किंवा बैलांच्या बळावर चालणारी शेतीची अवजारे आणि पुढे इंजिनावर चालणारे पंप, अशी दोन्ही प्रकारची यंत्रे त्यांच्या कारखान्यात तयार झाली. त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

शिक्षण आणि नोकरी

चित्रकलेची आवड असल्यामुळे लक्ष्मणरावांनी १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे त्यांना काही रंगांतील फरक ओळखता येत नसल्याचे आढळले. त्यामुळे त्यांनी रंगकाम सोडून यांत्रिक आरेखनाचे शिक्षण घेतले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते अध्यापक झाले. यंत्रे कशी चालतात व कशी दुरुस्त करतात याचे ज्ञान त्यांना तेथील कार्यशाळेत मिळाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

सायकलचे दुकान

मुंबईत असतानाच लक्ष्मणरावांनी बेळगावी असलेले थोरले बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह सायकलविक्री सुरू केली होती. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ पासून मानतो. सायकल हे वाहन तेव्हा नवे होते आणि विकत घेणाऱ्याला ते चालवता येत नसे. त्यामुळे रामूअण्णा सायकली विकत आणि पंधरा रुपये घेऊन त्या चालवण्यास शिकवतही असत. नवे यंत्र विकायचे, तर ते वापरण्याची सवयही ग्राहकाला लावावी लागते, हा अनुभव बंधूंना पुढे शेतीच्या अवजारांबाबतही आला.

कडबा कापणी यंत्र आणि लोखंडी नांगर

बेळगावी लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. जड चाक हाताने फिरवले की त्यावरील पात्यांनी कडब्याचे बारीक तुकडे होत. वीज व इंजिने नसलेल्या खेड्यांत असे हातयंत्र कोठेही वापरता येत असे.

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगर जमीन उकरतो; लोखंडी नांगर मातीचा थर उलटा करतो. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे शेतकरी तो घेण्यास तयार नव्हते. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

औंध संस्थान आणि किर्लोस्करवाडी

बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी असल्याने लक्ष्मणरावांना तेथून हलणे भाग पडले. औंधचे (आता सातारा जिल्हा) अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील सुमारे बत्तीस एकर ओसाड माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले. १० मार्च १९१० रोजी या माळावर कारखान्याचा आरंभ झाला.

रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर हे लक्ष्मणरावांचे सुरुवातीचे सहकारी होते. नांगर व कडबा कापणी यंत्रांबरोबर येथे उसाचे लोखंडी चरकही तयार होऊ लागले. बैल गोल फिरत असता चरकाचा मुख्य रूळ फिरे आणि दात्यांच्या चाकांमुळे शेजारचे रूळ त्याच्या उलट दिशेने फिरत.

वसाहतीत अस्पृश्यतेला मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. कारखान्याचे वृत्तपत्र म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली पुढे त्याचे 'किर्लोस्कर' हे मासिक झाले.

मोट आणि पंप

विहिरीचे पाणी तेव्हा मोटेने काढत. बैल धावेवरून उतारावर गेले की नाड्याला बांधलेली चामड्याची मोट वर येई व थारोळ्यात रिती होई. मग बैल पुन्हा मागे आणावे लागत. प्रत्येक खेपेला माणसाचे लक्ष आणि बैलांचे श्रम लागत. पंप मात्र एकदा सुरू केला की सलग पाणी देत राहतो. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि १९२६ मध्ये तिने सेंट्रिफ्यूगल पंप तयार केला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून परतले.

पंपामुळे बैलांवरील भार कमी झाला, पण शेतकऱ्यावर नवी जबाबदारीही आली. मोट फाटली तर ती गावातच शिवून घेता येई. पंप व इंजिनासाठी इंधन, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आवश्यक होती. डिझेल इंजिनांसाठी १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

यंत्रनिर्मितीला आश्रय देणाऱ्या याच औंध संस्थानाने १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या विचारांनुसार ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना स्वीकारली. ग्रामस्वराज्याचा प्रयोग आणि यंत्रांचा कारखाना एकाच छोट्या संस्थानात शेजारी नांदले.

अखेरचा काळ आणि स्मृती

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. किर्लोस्करवाडीचा परिसर नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडी येथे पंपांचे उत्पादन आजही सुरू आहे.