दादोबा पांडुरंग : इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास आणि मराठीचे वर्णन

मराठी व्याकरणकारांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते. तथापि त्यांच्यासंबंधीचा एक आक्षेपही दीर्घकाळ टिकून आहे. मराठीचे व्याकरण त्यांनी इंग्रजीच्या साच्यात बसविले, असा तो आक्षेप होय. त्याची शहानिशा करावयाची तर दादोबांनी इंग्रजी व्याकरणाकडून काय घेतले आणि कोठे ते अपुरे पडले, हे त्यांच्या चरित्राच्या संदर्भात पाहणे अगत्याचे ठरते.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. इंग्रजी शिक्षण बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तेव्हा भाषेच्या उच्च अभ्यासाची सोय शाळेतच काय ती होती. त्या काळच्या इंग्रजी अध्यापनात लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणाचा मोठा दबदबा होता. वाक्यातील प्रत्येक पदाची जात, रूप व संबंध सांगण्याची जी शिस्त पुढे मराठी शाळांत व्याकरण चालविणे या नावाने रूढ झाली, तिचे मूळ या अभ्यासात आहे.

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले होते; परंतु ते इंग्रजीत व परकीयांसाठी होते. मराठी माणसाने स्वभाषेकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे, ही दृष्टी नवी होती. याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके आणि बाळशास्त्री जांभेकर हेही व्याकरणलेखनाकडे वळले होते. दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

मरे यांनी इंग्रजीच्या नऊ शब्दजाती मानल्या होत्या. मराठीत आर्टिकल नाही. ते वगळता उरतात त्या आठ जाती आजही आपण शिकवितो, आणि ही मांडणी रूढ करण्याचे श्रेय दादोबांना दिले जाते. संस्कृत परंपरेतील नाम, आख्यात, उपसर्ग व निपात या चतुर्विध विभागणीहून ती वेगळी आहे. येथवर आक्षेपात तथ्य आहे. मात्र पुढे साचा अपुरा पडतो. इंग्रजीतील प्रिपोझिशन नामापूर्वी येते, मराठीतील शब्दयोगी अव्यय नामानंतर; शिवाय त्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, जसे घोडा, घोड्यावर. भिंत स्त्रीलिंगी, दगड पुल्लिंगी आणि घर नपुंसकलिंगी का, याचे उत्तर इंग्रजीच्या लिंगविचारात सापडत नाही. मुलाने पोळी खाल्ली, मुलाने आंबा खाल्ला या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. मुलाने कुत्र्याला मारले येथे ते कोणाप्रमाणेच बदलत नाही. इंग्रजीतील ॲक्टिव्ह व पॅसिव्ह या दुहेरी भेदाने हा प्रकार उलगडत नाही. त्यासाठी कर्तरी, कर्मणी व भावे ही संस्कृतातील त्रयीच मराठीच्या उपयोगी पडली.

व्याकरण हा दादोबांच्या आयुष्याचा एकच भाग होता. काही काळ ते जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते; पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आणि सुरतेस त्यांनी अध्यापन केले. सुरतेस १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासह मानवधर्म सभा त्यांनी स्थापिली आणि मुंबईच्या परमहंस सभेचे ते प्रवर्तक होते. नगर येथे डेप्युटी कलेक्टर असताना भिल्लांचे बंड शमविल्याबद्दल त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली. मोरोपंतांच्या ‘केकावली’वरील त्यांच्या टीकेचे ‘यशोदापांडुरंगी’ हे नाव त्यांच्या मातापित्यांच्या नावांवरून पडले.

या व्यापांतही व्याकरणाचा पाठपुरावा सुटला नाही. १८५० ची दुसरी आवृत्ती त्यांनी नव्याने विस्तारून लिहिली. ‘लघु व्याकरण’ १८६५ चे आणि ‘पूरणिका’ १८८१ ची. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. पंचेचाळीस वर्षे स्वतःच्याच ग्रंथात भर घालीत राहणारा लेखक केवळ साचा उचलणारा म्हणता येत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मतांची चिकित्सा केली आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त तीच वाट पुढे नेली, तीही या पायावर उभे राहूनच.

मरे यांचे व्याकरण शुद्धाशुद्धाचा निवाडा देणारे होते. इंग्रजीचे वर्णनात्मक व्याकरण येस्पर्सन आणि क्वर्क प्रभृतींच्या हातून विसाव्या शतकात बहरले. उलट दादोबांना नियम लावण्यापूर्वी प्रत्यक्ष भाषाच न्याहाळावी लागली. म्हणून आदेशात्मक ग्रंथावर पोसलेला हा अभ्यासक वर्णनाच्या कामास लागला, हे विसरता येत नाही.

या भेदाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. पोलादपूर तालुक्यातील कापडे येथून महाडला पदवीसाठी येणारा विद्यार्थी इंग्रजीचे वर्णनात्मक व्याकरण शिकतो, तेव्हा नाम व क्रियापद या संज्ञा त्याने मराठीच्या तासाला आत्मसात केलेल्या असतात. त्या संज्ञा दोन्ही भाषांत तंतोतंत एकच आहेत असे समजून तो चालला, तर इंग्रजी पॅसिव्ह म्हणजे मराठी कर्मणी असा घोटाळा अटळ आहे. साम्य कोठे संपते हे दाखविणे अध्यापकाचे काम. आणि ते साम्य कोठे संपते याचा शोध घेण्यातच दादोबांच्या आयुष्याची बरीच वर्षे खर्ची पडली.