हिशेब चुकला कुठे?

महिनाअखेरीस पासबुक आणि घरची वही जुळत नाही, असा अनुभव कुणाला नाही? दोनदा बेरीज करा, तीनदा करा, आकडा हटून बसलेला. ग्रेस हॉपर या अमेरिकन बाईंचंही अस्संच झालं होतं, आणि त्या तर गणितातल्या डॉक्टरेट! तीन महिने चेकबुक काही जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाला साकडं घातलं. त्याने काही संध्याकाळी बसून ओळ न् ओळ तपासली, तेव्हा कुठे उलगडा झाला. ग्रेसबाई तेव्हा ज्या कॉम्प्युटरवर काम करत, तो आपल्यासारखा दहाच्या नव्हे, आठाच्या हिशेबाने मोजायचा. दिवसभर त्याच्यासारखं मोजून बाई घरच्या वजाबाकीतही मधूनच हातचा घेताना दहाऐवजी आठ धरत होत्या!

हा किस्सा त्या पुढे भाषणांतून स्वतःच सांगत. माणसाने यंत्राची भाषा घोकायची की यंत्राने माणसाची शिकायची, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ चालतं कसं हे बघायला तिने ते उघडलं. पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. मग तिसरं. अशी घरातली सात घड्याळं सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने मार दिला नाही हो, यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढंच बजावलं. १९३४ मध्ये ग्रेसने येल विद्यापीठातून गणितात पीएच. डी. मिळवली. त्याआधीच लग्न झालं होतं, वासार कॉलेजात नोकरीही होती. चारचौघींसारखं आयुष्य मार्गी लागलेलं.

मग महायुद्ध आलं. १९४३ च्या अखेरीस बाई नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वय ३७ च्या घरात, वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, तरी परवानगी मिळवलीच. प्रशिक्षणात पहिला नंबर काढला आणि रवानगी झाली हार्वर्डला, ‘मार्क वन’ नावाच्या ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रापुढे. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून. एक भोक चुकीच्या जागी पडलं की सगळं गणित पाण्यात. तेव्हा चूक शोधायची म्हणजे पट्टी हातात धरून भोक न् भोक ताडून बघायचं, मग यंत्राचा एकेक भाग.

याच प्रयोगशाळेतल्या ‘मार्क टू’ या पुढच्या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग सापडला. उडणारा नव्हे, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो किडा. विजेच्या एका खटक्यात अडकून मेला होता. तिथल्या माणसांनी तो चिकटपट्टीने रोजच्या नोंदवहीत डकवला आणि खराखुरा ‘बग’ सापडल्याची गमतीने नोंद केली. पुष्कळ ठिकाणी छापून येतं की पतंग ग्रेसबाईंनी शोधला आणि ‘बग’ हा शब्दही तेव्हापासून आला. दोन्ही खरं नाही. यंत्रातल्या बिघाडाला इंजिनीअर लोक एकोणिसाव्या शतकापासून बग म्हणत आले आहेत. बाईंनी गोष्ट जगभर पोचवली, इतकंच. ती वही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, पतंगासकट.

त्या वर्षांत बाईंचं स्वतःचं काय चाललं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. वय जास्त म्हणून नौदलाने कायम घेतलं नाही. वासारने प्रोफेसरकी देऊ केली, ती यंत्राच्या ओढीने नाकारली, आणि १९४९ मध्ये हार्वर्डची मुदतही संपली. चाळिशी उलटलेली, घर मोडलेलं. दारूचं व्यसन लागलं, एकदा प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. मोठ्या माणसांच्या चरित्रातून अशी पानं गाळायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. कारण पुढचं मोठं काम याच बाईंनी, याच दिवसांतून वाट काढत केलं.

फिलाडेल्फियाच्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत त्या रुजू झाल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की प्रोग्रॅम लिहिणारे एकमेकांच्या वहीतून तयार तुकडे हाताने उतरवून घेतात, आणि उतरवताना ४ चा ए होतो, बीचे १३ होतात. म्हणजे डोकं हुशार असून चुका साध्या नकलेच्या! मग नक्कल यंत्रानेच का करू नये? १९५२ मध्ये बाईंनी तसा ‘कंपायलर’ करून दाखवला, तर कुणी विश्वासच ठेवीना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, असं ठाम मत.

पुढची मागणी तर त्याहून धाडसी. हिशेबनीसाला कळतील अशा साध्या इंग्रजी शब्दांत सूचना द्यायच्या. साहेब लोक म्हणाले, कॉम्प्युटरला इंग्रजी येत नाही. बाईंनी नमुना तयार केला आणि शब्द बदलून तोच फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवला. साहेब आणखीच हबकले, अमेरिकेतला कॉम्प्युटर जर्मन बोलणार म्हणजे काय! अखेर ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा तयार झाली, आणि १९५९ मध्ये एका समितीने तिच्या आधाराने ‘कोबोल’ रचली. बाई त्या समितीच्या सल्लागार होत्या. बँका, विमा, सरकारी खाती कोबोलवर चालू लागली. जागा वाचवायला त्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल आल्यावर ‘००’ म्हणजे १९०० समजलं जाईल, म्हणून केवढी धावपळ उडाली! त्या दुरुस्तीत आपल्याकडच्या कितीतरी इंजिनीअरांचे हात लागले.

आज एखादी मुलगी वेबसाइटचं काम करते, तेव्हा साठवलेली माहिती मागवते ‘एसक्यूएल’ या भाषेत. १९७४ मध्ये आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषाही साध्या इंग्रजी शब्दांचीच: अमुक निवड, तमुक तक्त्यातून, जिथे आडनाव असं असं आहे. आडनावाभोवती एकेरी अवतरणचिन्ह लागतं. आता वसईच्या किंवा गोव्याच्या डि'सूझांचं नाव शोधायला जा. नावातल्या चिन्हापाशीच नाव संपलं असं कॉम्प्युटरला वाटतं, उरलेला भाग कळत नाही आणि पान अडतं. सराईत मुलगी उगीच इथेतिथे बदल करत बसत नाही. कॉम्प्युटरकडे नेमकं काय गेलं, ते वाक्य जसंच्या तसं पडद्यावर काढते आणि शब्द न् शब्द वाचते, त्या भावाने चेकबुक वाचलं तसं. मग नाव वाक्यात न मिसळता वेगळं पाठवते. वाक्य माणसाला वाचता येतं म्हणूनच हे जमतं बरं का! भोकांच्या पट्टीवर हे किती जड जायचं, ते ग्रेसबाईंनाच ठाऊक.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं. साठी झाली होती. कोबोलचा घोळ निस्तरायला पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, आणि ते सहा महिने लांबतच गेले. १९६९ मध्ये कॉम्प्युटर व्यवसायातल्या एका संघटनेने त्यांना पुरस्कार दिला. नाव काय, तर ‘मॅन ऑफ द इयर’! भाषणाला जाताना त्या जवळजवळ फूटभर लांबीच्या तारांचे तुकडे नेत आणि लोकांना वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढीच जाते, हे हातात धरून कळावं म्हणून. ऑफिसात भिंतीवर उलटे काटे फिरणारं घड्याळ होतं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल होऊन त्या खऱ्या अर्थाने निवृत्त झाल्या. म्हणजे नौदलातून. लगेच एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या, आणि १ जानेवारी १९९२ ला गेल्या तोवर ती नोकरी चालूच होती.