घसरत्या चाकाला लगाम घालणारे पोर्शे

शिरूर कासार परिसरातील काळ्या मातीत पावसाळ्यात जीप रुतली, की मागचे एक चाक चिखल उडवीत जागच्या जागी गरगरते आणि दुसरे ढिम्म हलत नाही. दोष इंजिनाचा नसतो. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. एका चाकाची पकड सुटली, की दुसऱ्याचेही बळ जाते. या स्वभावाला मर्यादा घालणारे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ज्यांच्या आग्रहातून शर्यतीच्या गाडीत आले, ते फर्डिनांड पोर्शे.

बोहेमियातील माफर्सडॉर्फ या गावी ३ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर. अभियांत्रिकीची रीतसर पदवी पोर्शे यांनी कधीच घेतली नाही. मानद डॉक्टरेट मात्र पुढे लाभली. व्हिएन्नातील लोहनर कंपनीसाठी त्यांनी रचलेली विजेची मोटार १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात झळकली. तिच्या चाकांच्या तुंब्यातच मोटर बसविलेली असल्याने डिफरन्शियलची गरजच नव्हती! ऑस्ट्रो-डाइमलर, डाइमलर आणि श्टायर येथील नोकऱ्यांनंतर १९३१ मध्ये त्यांनी श्टुटगार्टला स्वतःचे आरेखन कार्यालय थाटले.

ऑटो युनियनसाठी त्यांनी आखलेली सोळा सिलिंडरांची गाडी १९३४ मध्ये शर्यतीत उतरली. इंजिन चालकाच्या पाठीमागे होते आणि ताकद इतकी, की ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत मागचे एखादे चाक नुसतेच फिरत राही. शक्ती वाढवून उपयोग नव्हता. ती जमिनीपर्यंत पोचत नव्हती. पोर्शे यांनी झेडएफ या कंपनीला उपाय शोधण्यास सांगितले. १९३५ मध्ये आलेल्या नव्या रचनेत दोन चाकांच्या गतीत फार तफावत पडताच अंतर्गत घर्षण वाढे आणि जोर पकड असलेल्या चाकाकडे वळे.

याच तत्त्वाचे डिफरन्शियल पुढे जर्मन सैन्याच्या क्यूबेलवागेन या हलक्या मोटारीतही बसले. येथेच या चरित्राची दुसरी बाजू सुरू होते. पोर्शे नाझी पक्षाचे सदस्य होते. हिटलरच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या फोक्सवॅगन कारखान्याच्या कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे होती आणि युद्धकाळात तेथे हजारो वेठबिगार राबविले गेले. राजकारणापासून अलिप्त तंत्रज्ञ ही त्यांची प्रतिमा या वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. फ्रेंचांनी डिसेंबर १९४५ मध्ये त्यांना अटक केली. सुटका ऑगस्ट १९४७ मध्ये झाली. पोर्शे नावाची पहिली गाडी, ३५६, मुलगा फेरी यांच्या देखरेखीखाली १९४८ मध्ये तयार झाली. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्ट येथे फर्डिनांड यांचे निधन झाले.

नंतरच्या अनेक जुन्या ९११ गाड्यांत झेडएफचे घर्षण-चकत्यांचे डिफरन्शियल आढळते. चकत्या झिजल्या, की ते साध्या डिफरन्शियलसारखेच वागू लागते. तेव्हा कारागीर ते उघडतात, चकत्या बदलतात, शिमने ताण जुळवितात आणि योग्य तेल भरून ते पुन्हा आसात बसवितात.