दिल्ली नभोवाणीचे विस्मृत संगीतकार : जॉन फाउल्ड्स

पूर्व आणि पश्चिम यांच्या संगीताचा मेळ घालण्याचे प्रयोग आज नवीन राहिलेले नाहीत. मात्र 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात, दिल्लीचे नभोवाणी केंद्र नुकतेच सुरू झालेले असताना, असा प्रयोग पद्धतशीरपणे हाती घेणारे इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यांचे नाव भारतात फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ज्या देशात त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठे स्वप्न पाहिले, त्याच देशात त्यांचा अकाली अंत झाला.

फाउल्ड्स यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1880 रोजी मँचेस्टरमध्ये झाला. त्यांचे वडील तेथील प्रख्यात हॅले ऑर्केस्ट्रामध्ये बासून वाजवीत. बासून आणि ओबो ही सनईप्रमाणेच दुहेरी पत्तीची सुषिर वाद्ये. लहानपणी पियानो आणि ओबो यांचे शिक्षण घेतल्यानंतर जॉन चेलोकडे वळले आणि 1900 मध्ये वडिलांच्याच वाद्यवृंदात चेलोवादक म्हणून दाखल झाले. पाश्चात्त्य संगीतात सप्तकाचे बारा भाग मानले जातात. त्याहूनही सूक्ष्म अशा पाव स्वरांचा वापर त्यांनी आपल्या रचनांमध्ये फार लवकर केला. श्रुतींची जाण असलेल्या भारतीय संगीताकडे त्यांचे मन ओढले गेले, ते याच कुतूहलातून.

या ओढीला दिशा दिली ती व्हायोलिनवादक मॉड मॅकार्थी यांनी. भारतात राहून येथील संगीताचा अभ्यास केलेल्या मॉड यांची भेट 1915 मध्ये लंडनला झाली आणि पुढे त्या फाउल्ड्स यांच्या पत्नी झाल्या. संस्कृत विषयावरील 'अवतार' नावाची संगीतिका फाउल्ड्स यांनी लिहावयास घेतली होती. ती त्यांनी अर्ध्यावर सोडली. तिच्यातील तीन 'मंत्र' तेवढे वाद्यवृंदरचनांच्या रूपाने उरले.

पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ त्यांनी रचलेले 'अ वर्ल्ड रिक्वीम' 11 नोव्हेंबर 1923 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर झाले. सुमारे बाराशे गायक-वादकांचा त्यात सहभाग होता. 1926 पर्यंत दरवर्षी त्याचे प्रयोग झाले, नंतर मात्र ते थांबले. हलक्याफुलक्या संगीताचे रचनाकार हीच फाउल्ड्स यांची ओळख मागे राहिली.

दिल्लीतील पर्व

1935 मध्ये फाउल्ड्स कुटुंब भारतात आले. 1 जानेवारी 1936 रोजी दिल्ली केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. तेथे युरोपीय संगीताचे संचालक म्हणून फाउल्ड्स यांची नेमणूक झाली. भारतीय वादकांचा एक छोटा वृंद त्यांनी उभारला. हे वादक गुरुमुखातून शिकलेले होते. त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्यास फाउल्ड्स यांनी शिकविले आणि खास त्यांच्या वाद्यांसाठी नव्या रचना केल्या. नभोवाणीवर वाद्यवृंदाची परंपरा पुढे रुजली. 1952 मध्ये पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला, तेव्हा फाउल्ड्स यांच्या प्रयोगाला दीड दशक लोटत आले होते.

मात्र याच काळातील त्यांची एक भूमिका महाराष्ट्रातील रसिकांना खटकण्यासारखी आहे. 1938 मध्ये 'द इंडियन लिसनर' या नभोवाणीच्या पाक्षिकात त्यांनी पेटीवर कडाडून टीका केली. पेटीच्या ठरीव पट्ट्यांतून श्रुती उमटत नाहीत, मींड घेता येत नाही आणि त्यामुळे भारतीय गायनाची हानी होते, असा त्यांचा मुद्दा होता. पेटीला विरोध करणारे ते एकटे नव्हते. रवींद्रनाथ टागोरांचेही मत प्रतिकूलच होते. मार्च 1940 मध्ये नभोवाणीवर पेटीला बंदी झाली, ती 1971 मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके टिकली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी ज्या वाद्याला मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली, ते वाद्य एवढा काळ नभोवाणीपासून दूर राहिले. भारतीय संगीतावरील प्रेमापोटी एका परकीयाने घेतलेली ही भूमिका अनेक भारतीय कलावंतांना जाचक ठरली. बंदी पाहण्यास फाउल्ड्स स्वतः हयात नव्हते.

1939 मध्ये त्यांना कलकत्ता केंद्राची जबाबदारी देण्यात आली. तेथे पोहोचून जेमतेम आठवडा होतो न होतो तोच त्यांना पटकी झाली आणि 24 एप्रिलच्या रात्री उशिरा, 25 तारीख उजाडण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते 58 वर्षांचे होते. भारतात लिहिलेल्या त्यांच्या अनेक रचना पुढे गहाळ झाल्या. पूर्व आणि पश्चिम यांना एकत्र आणणारी त्यांची सिंफनीही त्यांत होती.

1970 च्या दशकात स्कॉटिश समीक्षक माल्कम मॅकडोनाल्ड यांनी उरलेल्या हस्तलिखितांचा शोध घेऊन फाउल्ड्स यांच्या कार्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर त्यांच्या चतुर्वाद्य रचनांची आणि वाद्यवृंदरचनांची ध्वनिमुद्रणे निघाली. 2007 च्या 11 नोव्हेंबरला 'अ वर्ल्ड रिक्वीम' पुन्हा रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर झाले आणि त्याचेही ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. 'मंत्र' आज कोणालाही ऐकता येतात. दिल्लीच्या नभोवाणीवरून भारतीय वादकांनी सादर केलेले त्यांचे संगीत मात्र बव्हंशी काळाच्या उदरात गडप झाले आहे.