खोडलेल्या शब्दांचीं चित्रें

कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर (१८६१–१९४१) यांस १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. परंतु साठी उलटल्यावर हा शब्दप्रभु चित्रकार झाला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

१९२४ सालीं दक्षिण अमेरिकेच्या प्रवासांत ते आजारी पडले व अर्जेंटिनांत विश्रांतीसाठीं राहिले. 'पूरबी'च्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द विद्रूप दिसत. त्या खोडलेल्या जागा ते रेघांनीं एकमेकींस जोडीत. जोडतां जोडतां कोठें पक्ष्याची चोंच दिसे, कोठें कशाचाच न ठरणारा आकार. (वह्यांवर रेघोट्या ओढल्याबद्दल आम्हीं ज्यांस दटावलें, त्यांनीं हें वाचून फार हर्षूं नये!)

पुढें ते स्वतंत्र चित्रें काढूं लागले. शब्दास अर्थाचें ओझें असतें. रेषेस तें नव्हतें, व थकल्या मनास तेथें विसांवा मिळत असावा, असें आम्हांस वाटतें. बहुतेक चित्रांस त्यांनीं नांवेंहि दिलीं नाहींत. १९३० सालीं पॅरिसांत पहिलें प्रदर्शन भरलें. अखेरपर्यंत दोन हजारांहून अधिक चित्रें झालीं. कविता मात्र थांबली नाहीं. शेवटची कविता त्यांनीं मृत्यूपूर्वीं आठच दिवस सांगून लिहविली.